डब्याला हाक

दि. ९ सप्टेंबर

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपली-माझी ओळख नाही. ओळख नसताना, आणि तेही स्वतःच्या कामासाठी, आपल्याला पत्र लिहिण्याचे धारिष्ट करीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. या पत्राचे दोन मसुदे मी फाडले. हा तिसरा फाडला तर चौथा लिहिला जाणार नाही, अशी भीती वाटते म्हणून पाठवीत आहे.

आपण विद्यापीठाच्या उपग्रहाच्या पहिल्या तुकडीच्या प्रमुख होतात. मी सध्याच्या तुकडीत आहे. 'तुकडीत आहे' म्हणण्यापेक्षा 'सध्याची तुकडी आहे' म्हणणे अधिक अचूक होईल, कारण दुसरे कोणी उरलेले नाही. आपला पत्ता मला ग्रंथालयातून मिळाला. आपल्याकडे त्यांचे एक पुस्तक अजून बाकी आहे आणि ग्रंथालय अशा माणसांचे पत्ते विसरत नाही.

उपग्रहाची प्रकृती कळवते. त्याला अजूनही सगळे 'डबा'च म्हणतात. चपलांच्या खोक्याएवढ्या त्या डब्याकडून एका वर्षाची अपेक्षा होती. आता पाचवे वर्ष चालू आहे. कॅमेऱ्याच्या चित्रांचा उजवा कोपरा फिकट येतो, परंतु नद्यांची वळणे आणि किनाऱ्यालगतचा गाळ स्पष्ट ओळखू येतो. सूर्याकडून येणारे कण मोजणारे यंत्र तर उत्तम आहे. त्याच्याच मोजणीवर माझा प्रबंध झाला आणि गेल्या महिन्यात मान्यही झाला.

आता मूळ मुद्दा. आपण लिहिलेल्या आज्ञावलीत एक घड्याळ आहे. पृथ्वीवरून छत्तीस तासांत एकही आदेश आला नाही, तर डबा समजतो की आपला कान बिघडला, आणि तो दुसऱ्या कानावर जातो. तो दुसरा कान पहिल्याच वर्षी निकामी झाला. म्हणजे एकदा का ते घड्याळ वाजले, की डबा कायमचा बहिरा. म्हणून त्याला रोज हाक मारावी लागते. आदेश काहीही असो, नुसता 'आहेस का' एवढाही चालतो, पण रोज.

आदेश पाठवायला परवाना लागतो आणि तो विद्यापीठाच्या पटावर नाव असलेल्यालाच मिळतो. आपले मार्गदर्शक सर निवृत्त झाल्यावर त्यांचा परवाना संपला, तरी ते अजून रोज खोलीत येतात. दुसरा परवानाधारक विद्यार्थी जानेवारीत नोकरीला लागला. उरले मी.

एका दूरच्या वेधशाळेत मला संशोधक म्हणून बोलावणे आले आहे. एक डिसेंबरला रुजू व्हायचे आहे. मी गेले तर दोन दिवसांत डबा मरेल. सरांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "उद्या बघू." त्याला सहा आठवडे झाले.

छत्तीस तासांचा आकडा आपण काही विचाराने ठेवला असेल, याची मला खात्री आहे. तो वाढवता येईल का, एवढेच विचारायचे होते. उत्तर दिले नाहीत तरी माझी तक्रार नाही.

आपली नम्र,
(तुकडीत मला 'ग्रंथपाल' म्हणत, तेच नाव चालेल.)


दि. १८ सप्टेंबर

ग्रंथपाल,

आधी ते 'आदरणीय' काढ. मला तिथे सगळे मुकादम म्हणायचे, तूही म्हण. आणि पुस्तक माझ्याकडेच आहे. देणार नाही. सांग त्यांना.

डबा जिवंत आहे हे वाचून मी ऑफिसात मोठ्याने "अरे वा!" म्हणाले. शेजारच्याला वाटलं बढती मिळाली. मी आता लिफ्टचे संगणक बनवणाऱ्या कारखान्यात आहे. माझी यंत्रं आता विसाव्या मजल्याच्या वर जात नाहीत आणि बिघडली तर जिन्याने जाऊन दुरुस्त करता येतात. फार सुख आहे.

तुझ्या आकड्याबद्दल. कसला विचार नि कसलं काय! खरा आकडा नव्वद दिवसांचा ठरला होता. पण टेबलावर तपासताना घड्याळ वाजतं की नाही हे बघायला नव्वद दिवस कोण बसणार? म्हणून तात्पुरते छत्तीस तास टाकले. डबा खोक्यात भरायच्या दिवशी बदलायचे होते. त्या दिवशी कुलगुरू आले, सगळे इस्त्रीचे कपडे घालून फोटोला उभे राहिले आणि आकडा तसाच वर गेला. आमच्या धंद्यात असंच होतं. अवघड गणित कधी चुकत नाही, टेबलावरचं टेबलावर राहत नाही.

पण अगं, हे तर केव्हाच मिटलंय. डबा वर गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं. मी दुरुस्तीचा आदेश लिहिला, कपाटातल्या जुळ्या डब्यावर तपासला, सरांच्या हातात कागद दिला आणि मगच मी तिथून निघाले. तेव्हा तुझा डबा नव्वद दिवस गप्प बसू शकतो. तू रोज हाक का मारतेस? सवय म्हणून? सरांना विचार, हसतील ते.

जा बिनधास्त. वेधशाळेत दुर्बिणीला तेल कमी पडलं तर कळव.

मुकादम

ता. क. सर अजून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतात का?


दि. २९ सप्टेंबर

आदरणीय मुकादमताई,

('आदरणीय' काढणे जमले नाही. क्षमा असावी.)

आपले पत्र आले तेव्हा डबा सकाळची फेरी संपवून नुकताच क्षितिजाखाली गेला होता. मी ते उभ्यानेच वाचले. संध्याकाळच्या फेरीत डब्याकडे त्याच्या घड्याळाचा आकडा मागितला. उत्तर आले: छत्तीस.

म्हणजे आपला आदेश पाठवलाच गेला नाही. आपण गेल्यानंतर आलेल्या कोणत्याही तुकडीला तो ठाऊक नव्हता. आम्हाला शिकवले गेले ते असे: डब्याची रचनाच अशी आहे, रोज हाक हे त्याचे अन्न आहे. मी नवीन होते तेव्हा मला ते फार सुंदर वाटले होते.

आधीच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. आपल्याशी तिचा संबंध नाही असे वाटले होते. आता वाटते, आहे.

मार्चमध्ये माझे आजोबा अत्यवस्थ झाले. मला वाचायला त्यांनी शिकवले. रोज त्यांच्यापुढे बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि घाई केली की ते म्हणत, "अक्षर गिळू नकोस, त्याला दुखतं." दादाचा फोन आला, "ये लवकर. तुझंच नाव घेतायत." आमच्या घरी जायला पूर्ण दिवस लागतो आणि परतायला पूर्ण दिवस. छत्तीस तासांत ते बसत नाही. मी दादाला म्हणाले, "बघते." दादा म्हणाला, "काय बघतेस? ते आकाशातलं खोकं तुला पगार तरी देतं का?" तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी फेरीत होते, म्हणून उचलला नाही. फेरी संपल्यावर उचलला.

मी कोणालाही दोष दिला नाही. रचनाच तशी आहे, असे मी स्वतःला समजावले. आज कळते की रचना तशी नव्हती.

सरांच्या हातून कागद गहाळ झाला असेल, असे मानण्याचा प्रयत्न करते आहे. विचारायचे ठरवून काल त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "काय ग?" मी म्हणाले, "सर, गच्चीवरच्या अँटेनाचा एक स्क्रू गंजलाय." स्क्रू खरोखरच गंजला आहे. परंतु ते विचारायला मी गेले नव्हते.

आपली,
ग्रंथपाल

ता. क. होय, शर्टाच्या टोकानेच पुसतात.


दि. ६ ऑक्टोबर

ग्रंथपाल,

मला जे लिहायचं आहे ते लिहिता येत नाही, म्हणून कामाचं लिहिते.

सोबत आदेश आहे. सहा ओळी. तोच, जो सरांना दिला होता. मी तो पुन्हा आठवून लिहिला आणि ताडून बघितला. कपाटात खालच्या खणात जुळा डबा असेल. त्याच्यावर आधी तपास. मग खऱ्याला पाठव. काय होईल ते सांगते. डबा नवा आकडा कायमच्या स्मृतीत कोरेल, मग तुझ्या क्षितिजाखाली गेल्यावर स्वतःला बंद करून पुन्हा चालू करेल. पाच वर्षं उन्हातान्हात भाजलेली स्मृती आहे. कोरताना एखादं अक्षर बिघडलं तर तो उठणार नाही. उठला तर नव्वद दिवसांची मोकळीक, नाही उठला तर कायमची. दोन्हीकडून तू सुटतेस. हे निर्दयपणाचं वाटेल. वाटू दे.

आणि सरांना विचारू नकोस! विचारलंस की 'उद्या बघू'. डबा बांधताना त्या 'उद्या'त मी दोन वर्षं राहिले आहे, मला तिथली हवा माहीत आहे. शेवटी कागद हातात दिला आणि त्या सगळ्या 'उद्या'वरून भांडून बाहेर पडले. पण भांडायला दोन माणसं लागतात आणि सर भांडलेच नाहीत. नुसता चष्मा पुसत बसले. त्यामुळे ते भांडण अजून माझ्याकडेच पडून आहे.

आमच्याकडची एक गंमत सांगते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबतो, मग दार ढकलतो, मग देवाला बोलावतो, आणि सगळ्यात शेवटी बोलायचं बटण दाबतो. ते बटण लाल असतं. आम्ही ते वाढवत वाढवत बशीएवढं केलं. तरी माणसं शेवटीच दाबतात. का, तर म्हणे बाहेरच्यांना उगाच त्रास नको. एक बाई जेवणाची सुट्टी संपेपर्यंत आत उभी होती आणि सुटल्यावर आम्हालाच 'सॉरी' म्हणाली.

तू ती बाई आहेस. बोलणं जमणार नसेल तर दार ढकल. पाठव आदेश आणि मोकळी हो.

मुकादम


दि. २ नोव्हेंबर

आदरणीय मुकादमताई,

उत्तराला इतका उशीर झाला, याचे कारण पुढे येईलच.

आदेश मी जुळ्या डब्यावर तपासला. प्रत्येक वेळी तो नीट उठला. परंतु तो टेबलावर असतो, त्याने ऊन पाहिलेले नाही.

खऱ्या डब्याला मात्र मी तो आपण सांगितल्याप्रमाणे गुपचूप पाठवला नाही. कारण आपणच आहात. खोलीच्या भिंतीवर आपल्या अक्षरातला कागद अजून आहे: 'नवा आदेश एकट्याने पाठवायचा नाही. एकाने वाचायचा, दुसऱ्याने दाबायचा.' खाली लाल शाईत 'मोडणाऱ्याचे हात मोडीन.' पाच वर्षांत हा नियम कोणी मोडलेला नाही. तो मोडायला आपणच मला सांगितलेत, यावरून आपण किती संतापला असाल ते कळले. परंतु वाचणारा हवा, आणि इथे वाचणारे एक सरच आहेत. तेव्हा बोलणे भाग पडले.

मी वाक्य पाठ करून गेले होते: 'सर, घड्याळाच्या मर्यादेविषयीचा एक आदेश आपल्याकडे प्रलंबित असल्याचे समजते.' सर खिडकीशी बसून कळफलकातली धूळ ब्रशने काढत होते.

"सर, थोडं बोलायचं होतं."

"स्क्रू ना? आणलाय मी. पितळी आणलाय, गंजायचं नावच नको."

मी तोंड उघडले आणि पाठ केलेले वाक्य कुठल्या कुठे गेले. मी म्हणाले, "सर, माझे आजोबा गेले तेव्हा मी इथे होते."

त्यांचा ब्रश थांबला. "कधी?"

"मार्चमध्ये."

"आणि मला माहीत नाही?"

"मी सांगितलं नव्हतं."

"अगं, पण का?"

"तुम्ही 'उद्या बघू' म्हणाला असता."

ताई, मी असे बोलू शकते हे मला ठाऊक नव्हते. बोलून झाल्यावर मी दाराकडे पाहिले, जणू दुसरेच कोणी आत येऊन बोलले होते.

सरांनी ब्रश खिडकीत ठेवला. मग म्हणाले, "मुकादमचं पत्र आलं वाटतं."

"मी आधी लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं."

"तुला दिलं," ते म्हणाले. "बरं आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "तो कागद हरवलेला नाही. आहे माझ्याकडे. पहिल्या वर्षी हिंमत झाली नाही. चालत्या गाडीचं चाक कोण काढणार? म्हटलं, वर्ष सरू दे, मग जोखीम घेऊ. वर्ष सरलं, डबा काही मरेना. पुढची तुकडी आली. रोज यावं लागतं म्हणून रोज आली, आणि रोज आली म्हणून शिकली. मला वाटलं, ठीक आहे, चूक कामाला आली. मग मी निवृत्त झालो."

"मग, सर?"

"दारावर काय लिहिलंय?"

दारावर पाटी आहे: 'दैनंदिन उपग्रह संचालन कक्ष'. मी ती रोज पाहते.

"त्यातल्या पहिल्या शब्दाचं अक्षर न् अक्षर मोलाचं आहे," सर म्हणाले. "दैनंदिन आहे तोवर ही खोली आहे. तीन महिन्यांतून एकदा हाक मारायची म्हटलं की परीक्षा विभाग दुसऱ्या दिवशी कपाटं घेऊन दारात उभा. मग मी कुठे जाऊ? घरी बसून पंखा मोजू?" मग म्हणाले, "मी वाईट माणूस नाही ग."

"नाही, सर."

"पण?"

"पण मी अडकले आहे, सर."

हा शब्द मी याआधी कोणाजवळही उच्चारला नव्हता, घरीसुद्धा नाही. सर उठले. छत्री घेतली. दारापाशी वळून म्हणाले, "उद्या बघू." आणि स्वतःचे शब्द कानावर पडल्यासारखे तिथेच क्षणभर उभे राहिले, मग गेले.

त्यानंतर आठवडाभर ते आले नाहीत. असे पूर्वी कधीच झाले नव्हते. मी एकटी येत होते, हाक मारत होते. डबा 'आहे' म्हणत होता, मी खिडकीतून पाण्याची टाकी पाहत होते. एकदा वाटले की हाक मारूच नये. छत्तीस तास स्वस्थ बसावे, बस. त्या विचाराने इतकी घाबरले की त्या फेरीत दोनदा हाक मारली.

काल सर आले. कोट तसाच अंगात ठेवून विचारले, "जुळ्यावर तपासलंस?"

"हो, सर."

"गार करून तपासलंस? तापवून?"

"नुसतंच."

"मग गार करून तपास. मग तापवून तपास." आणि पितळी स्क्रू घेऊन गच्चीवर गेले.

ही संमती आहे की नव्या नावाचे 'उद्या', हे मला कळत नाही. आपण त्यांना अधिक ओळखता. मला प्रवासाचे आरक्षण करायचे आहे आणि करायला हात धजत नाही.

आपली,
ग्रंथपाल


दि. १० नोव्हेंबर

ग्रंथपाल,

खोलीचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी भांडले असते, पण जरा हळू आवाजात.

गार करून तपास म्हणाले ना? मग ती संमती आहे. ज्या कामात त्यांना पडायचं नसतं तिथे ते तपासायला सांगत नाहीत, विषय बदलतात. तरी तेवढ्यावर विसंबू नकोस. तारीख तू ठरव आणि त्यांना कळव. विचारू नकोस, कळव. दोन्हींत फरक आहे आणि तो तुला शिकायचाय.

आधी आरक्षण कर. आजच. मग बाकीचं.

सकाळची फेरी घे. रात्रीची सावली सरून बॅटरी भरलेली असते. फेरी लांब असेल अशी निवड, डोक्यावरून जाणारी. सर आकडे भरभर वाचतात, त्यांना थांबव. "परत वाचा" म्हणायला लाजू नकोस.

~~~~~~~~~~~~~~~~~~~~

(वरची ओळ मी खोडली आहे. वाचायचा प्रयत्न करू नकोस.)

मुकादम


दुपार

आदरणीय मुकादमताई,

खोडलेली ओळ मी उजेडात धरून वाचली. अपराध मान्य आहे. त्यात जे विचारले आहे त्याचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही, म्हणून आपला पत्ता मी सरांच्या टेबलावर ठेवला आहे. त्यांनी तो खिशात घातला. एवढेच मला दिसले.

आरक्षण मी आपले पत्र आले त्याच दिवशी केले. दुसऱ्या दिवशी सरांना म्हणाले, "सर, सव्वीसला सकाळच्या फेरीत आदेश पाठवायचा आहे. संध्याकाळी माझी गाडी आहे." बोलताना माझी नजर जमिनीवर होती, पण वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हते. सर म्हणाले, "सव्वीस." आणि दिनदर्शिकेकडे बघत राहिले, जणू तिथे दुसरी एखादी तारीख शिल्लक आहे का ते शोधत होते.

आज सकाळी मी पोचण्याआधीच ते आले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांच्या हातात आपला पहिला कागद होता, घडीवर पिवळा पडलेला. माझ्या हातात आपण पाठवलेला. "दोन्ही ताडून बघू," म्हणाले. ओळ न् ओळ जुळली. आपली स्मृती डब्याहून चांगली आहे.

डबा क्षितिजावर आला. त्याचा आवाज स्वच्छ होता. सर वाचू लागले. भरभर नाही, अगदी सावकाश, शाळेत उताऱ्याचे वाचन घेतात तसे. मी दाबत गेले. पहिली ओळ गेली, पोच आली. दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीपाशी सर थांबले.

मला वाटले, अक्षर लागत नाही. "सर, पुढे."

"वाचतोय."

ते वाचत नव्हते. कागद डोळ्यांसमोर होता आणि नजर खोलीभर फिरत होती: कपाट, भिंतीवरचा आपला नियम, पंखा. डबा डोक्यावर येऊन उतरणीला लागला होता.

"सर, तो चाललाय."

"हो ग."

"सर, वाचा!"

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कोणाशी बोललेले नाही. बाहेरून जाणारा पहारेकरी दारात डोकावला, "काय झालं मॅडम?" सर त्याला म्हणाले, "काही नाही, मला वाचायला शिकवतायत." आणि चौथी ओळ वाचली. मग पाचवी. सहावीतल्या शेवटच्या आकड्याला मीच म्हटले, "परत वाचा." त्यांनी परत वाचला. मी दाबले. पोच आली आणि तिच्यामागून डबा क्षितिजाखाली गेला.

आता या क्षणी तो कुठेतरी स्वतःला बंद करून पुन्हा चालू करीत असेल, किंवा करून झाले असेल, किंवा बंदच असेल. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तो पुन्हा आपल्या आकाशात येणार आहे. तेव्हा कळेल.

मी विचारले, "सर, खोलीचं काय?"

"काय व्हायचंय? उठला तर मी स्वतःच विद्यापीठाला कळवतो. नाही उठला तर त्यांनाच कळेल." मग म्हणाले, "अँटेना गच्चीवर आहे. गच्ची कोणी मागत नाही. वर उन्हात कागद कोण तपासणार?"

"सर, आदेश पाठवायला परवाना लागतो," मी म्हणाले, "ऐकायला लागत नाही."

हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. नियम त्यांनीच आम्हाला शिकवले. पण ते माझ्याकडे असे पाहू लागले की मी घाईने पिशवी आवरायला घेतली. नव्या वर्षात दोन विद्यार्थिनी तुकडीत येऊ इच्छितात, परवान्याच्या परीक्षेला बसणार आहेत. डबा जिवंत असेल तर त्या तयार होईपर्यंत नव्वद दिवस पुरतात. मी त्यांच्यासाठी सगळे लिहून ठेवले आहे. पहिल्या पानावर पहिलेच वाक्य आहे: घरी जायचे असेल तर सांगा.

जेवताना सर म्हणाले, "फेरी सहा चाळीसला. तुझी गाडी सव्वासातला. स्टेशन समोर तर आहे. थांब की, ऐकून जा. दहा मिनिटांचा प्रश्न."

"नको, सर."

"अगं, पाच वर्षांतली सगळ्यात मोठी फेरी आहे!"

मी त्यांना जे नीट सांगू शकले नाही ते आपल्याला सांगते. मी स्वतःला ओळखते. डबा बोलला, तर उद्या सकाळीही तो बोलतो का हे पाहायला मी थांबेन. नाही बोलला, तर रात्रीत जाग येईल या आशेने हाका मारत राहीन. आनंदाने नाहीतर दुःखाने, पण थांबेन, आणि गाडी जाईल. दार उघडलेले असताना बाहेर पडले नाही, तर पुढच्या वेळी मी ते स्वतःच आतून लावून घेईन. म्हणून त्याने उत्तर देण्याच्या आधी मला निघायला हवे. ते कळले की कळवा, असेही मी सरांना म्हटले नाही. कळवायचे तर ते आपल्याला कळवतील.

इथवर खोलीत लिहिले. पुढचे फाटकाबाहेर टपालपेटीपाशी उभी राहून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाईट आहे. पिशव्या पायाशी आहेत. इथून गच्ची दिसते. सर वर आलेले दिसतात; हातात लहान अँटेना आहे आणि ती त्यांनी आतापासूनच पश्चिमेकडे धरली आहे. त्यांनी मला पाहिले असावे, कारण दुसरा हात एकदा वर गेला. मीही हात केला.

घड्याळाकडे पाहण्याची सवय सुटायला वेळ लागेल. आई म्हणाली, वेधशाळेत जाण्याआधी दोन दिवस घरी ये. येते म्हणाले. बघते म्हणाले नाही.

आपली,
ग्रंथपाल

मंगळवार, दि. २६ नोव्हेंबर. सायंकाळचे सहा वाजून एकतीस मिनिटे.